महाराष्ट्राचं रक्त

जयवंतीबाई सकाळचा चहा टाकत होत्या. गॅस पेटवायला लायटर उचलला, तोच खालच्या मजल्यावरून, अगदी कानात बोलल्यासारखा, घरमालकांचा आवाज आला.

"महाराष्ट्राचं रक्त आल्याशिवाय ह्या घरात जोर येणार नाही, हे मी कधीपासून सांगत होतो की नाही?"

"आलं की आता," घरमालकीणबाई म्हणाल्या. "दिवस पण भरत आले. आता निस्तं वाट बघायची."

जयवंतीबाईंचा अंगठा लायटरवरच राहिला. ओट्याच्या खिडकीबाहेर दोन्ही मजल्यांना जोडणारा एक अरुंद डक्ट होता. खालच्या स्वयंपाकघरातलं बोलणं त्यातून वर चढायचं, चढताना थोडं घोगरं व्हायचं. त्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. पाइप, जळमटं आणि त्याखाली नुसता काळोख.

त्या परवाच नाशिकहून आल्या होत्या. लेक चैत्राली पहिलटकरीण, नववा लागलेला. जावई अनुराग आणि ती दोघंही कंपनीत कामाला. म्हैसूरबाहेरच्या हूटगळ्ळीच्या नव्या वस्तीतल्या शेवटच्या ओळीतलं हे घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. त्यापुढं गाव नव्हतंच. अर्धवट बांधलेली घरं, दगड रोवून आखलेले प्लॉट, आणि सकाळी त्या सगळ्यावर पसरणारं असं धुकं की कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजला की तो जमिनीखालून आल्यासारखा वाटे.

रक्ताची गोष्ट त्यांनी स्वतःला समजावली. असेल कुणाच्या लग्नाचं बोलणं. घरमालक श्रीनिवासराव पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलेले मराठी. पूर्वी त्यांच्या घराण्यात कापड रंगवायचा धंदा होता, असं चैत्रालीनं सांगितलं होतं. आणलं असेल सोलापूर-सांगलीकडून एखादं स्थळ.

दुपारी घरमालकीण लक्ष्मीदेवी जिना चढून आल्या. हातात पितळी तांब्या, चेहऱ्यावर हसू.

"अक्का, आम्ही असताना पोरीची काळजी करायची नाही. तिचं हालु माझ्याकडं."

"हाल?"

"हालु, हालु. रोज सकाळ-संध्याकाळ. नववा आहे न, हालु कमी पडायला नको." त्यांनी तांब्या पुढं केला. आत दूध होतं. "दूध म्हणता की तुम्ही."

जयवंतीबाईंनी तांब्या घेतला. दुधाला वेगळाच वास होता, दाट, रानटी. जाता जाता लक्ष्मीदेवी जिन्यावर थांबल्या आणि सहज सांगून गेल्या, "आमच्या घरात पण मरी यायची आहे. म्हणून गडबड. मरी आली की येते बसायला."

त्या खाली उतरून गेल्या. जयवंतीबाई दारात उभ्याच राहिल्या. मरी यायची आहे म्हणून गडबड? नाशिककडं मरी येणं म्हणजे पटकी येणं, गाव ओसाड पडणं. पटकी घरात येणार म्हणून ही बाई पाहुणी येणार असल्यासारखी लगबग करत होती.

दूध त्यांनी चैत्रालीला दिलं नाही. जिन्यातल्या कुंडीत ओतलं.

चैत्रालीला काही विचारायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. दोन जिवांच्या पोरीला घाबरवून चालणार नव्हतं. आडूनआडून मात्र त्यांनी चौकशी केली.

"मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय असतं गं?"

"मेंढ्या." चैत्राली लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. "काकांना नाद आहे. ते सरकारी मेंढीफार्मवर होते ना."

"विकतात का?"

"नाही बहुतेक."

"मग खातात?"

"छे! काका-काकू अंडंसुद्धा खात नाहीत."

"मग पाळतात कशाला?"

चैत्रालीनं खांदे उडवले आणि कानाला हेडफोन लावला. तिची मीटिंग होती. "बेट्टदपुराकडून कधीतरी एक गाडी येते," ती तेवढ्यात म्हणाली. "पोत्यानं झाकून काहीतरी घेऊन जाते. बाकी मला नाही माहीत. मला तर तिकडं जायलाही देत नाहीत. कुलूप असतं."

"का?"

पण चैत्राली तोवर इंग्रजीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जयवंतीबाई न्हाऊन ओले केस मोकळे सोडून गच्चीवर गेल्या. धुकं दाट होतं. शेडच्या पलीकडं हदग्याचं झाड होतं तिथं कुणीतरी उभं होतं. उंच, पांढरं. दोन पायांवर. तोंड लांबोडकं, नाक मधेच फुगून खाली वळलेलं, आणि कानांच्या जागी दोन लांब पट्ट्या लोंबत होत्या. ते फांदी ओढत होतं. फांदी वाकली, मग कुणी हसावं तशी खसखस झाली. जयवंतीबाईंनी कठडा घट्ट धरला. त्या आकृतीनं मान वळवून वर, थेट त्यांच्याकडं पाहिलं. मग ती हळूच बुटकी होत धुक्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. मागून खोकण्याचा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, छातीतून आलेला.

खालच्या अंगणात त्याच वेळी दार करकरलं. लक्ष्मीदेवी सडा घालायला आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, आणि बादली तिथंच टाकून आत निघून गेल्या.

'मी पाहिलंय, हे तिला कळलं,' जयवंतीबाईंच्या मनात आलं.

त्या दिवसापासून त्या डक्टपाशीच स्वयंपाक करू लागल्या. एरवी कांदा चिरायला टेबलावर बसत. आता ओट्याशी उभ्या राहून, कान खिडकीकडं.

"पूर्वी घरातल्या घरातच चालायचं," श्रीनिवासराव खाली कुणाशी तरी फोनवर बोलत होते. "बाप तोच, आजा तोच. काय होणार? जन्मली ती किडकी. एका वर्षात सगळी गेली. इथंच मागं पुरली मी, माझ्या हातानं."

जयवंतीबाईंच्या हातातला कांदा घरंगळून ओट्याखाली गेला. त्यांनी तो उचलला नाही.

"म्हणून म्हटलं, लांबचं रक्त आणायचं. महाराष्ट्राचं. उंच, हाडापेरानं मोठं. लांबचं रक्त मिळालं की पहिली पिढी आईबापांपेक्षा जोरदार निघते, हे नक्की. दुसऱ्या पिढीत जोर उतरतो. तेव्हा तिसरं रक्त बघायचं. ते नंतरचं. आधी ही मरी तर होऊ दे."

संध्याकाळी अनुराग घरी आला तसं त्यांनी त्याला गॅलरीत गाठलं. जावई हुशार होता, पण कन्नड त्याला रिक्षापुरतंच येत होतं.

"जावईबापू, इकडं मरी म्हणजे काय हो?"

"मरी?" अनुरागनं डोकं खाजवलं. "देवीचं असेल आई काहीतरी. इकडं मारम्मा असते ना. आपली मरीआई, तशी. बकरं वगैरे देतात तिला."

"बकरं?"

"किंवा मेंढी." तो हसला. "का? जायचंय का दर्शनाला?"

जयवंतीबाई कठड्यापाशी सरकल्या. खाली अंगणात श्रीनिवासराव शेडमधून बाहेर येत होते. मावळतीचा उजेड होता. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. नुसते लाल नव्हे. थेंब गळत होते. त्यांनी नळ सोडला, हात चोळले आणि वर बघून प्रेमानं विचारलं, "पोर कशी आहे? पोटातलं हालतंय न चांगलं?"

"हो," जयवंतीबाई कसंबसं म्हणाल्या.

"तिला मागं येऊ देऊ नका हं अक्का. दोन जिवांच्या बाईनं शेडच्या वाऱ्याला पण उभं राहायचं नाही. पोटातल्याला लागतं."

"काय लागतं?"

"ते आहे एक," श्रीनिवासराव गंभीरपणे म्हणाले, लाल पाणी झटकलं आणि आत गेले.

मग मात्र जयवंतीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी उदबत्तीची राख जमवून जिन्याच्या वरच्या पायरीवर आडवी रेघ ओढली. चैत्रालीच्या खिडकीला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या. लिंबू कापून, कुंकू लावून फाटकाच्या दोन्ही बाजूंना ठेवलं. तिन्हीसांजेला घरमालकांच्या बंद दाराकडं तोंड करून, डोळे मिटून, त्या तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणत. दूध रोज येत होतं, रोज कुंडीत जात होतं. कुंडीतलं क्रोटन आधी पिवळं पडलं, मग काळं. ते बघून तर त्यांची खात्रीच पटली.

खालूनही हालचाल सुरू झाली होती. एका सकाळी त्यांना घरमालकांच्या उंबऱ्यावर जाड्या मिठाची ओळ दिसली. पुढच्या दिवशी ती दुप्पट रुंद होती. लक्ष्मीदेवी आता दूध घेऊन वर येत नसत. तांब्या खालच्या पायरीवर ठेवून, हाक मारून, पाठ न वळवता मागं मागं जात. एकदा दोघी जिन्यात समोरासमोर आल्या. कुणीच वाट सोडेना. दोघीही हसल्या. असं हसू जयवंतीबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यात दात होते आणि डोळे नव्हते. आपण स्वतः कशा हसलो, हे त्यांना अर्थातच दिसलं नाही.

"आई, तू राख का टाकतेस जिन्यात?" चैत्रालीनं एकदा विचारलं.

"मुंग्या," जयवंतीबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारपासून आभाळ भरून आलं. वाऱ्यानं पत्रे वाजत होते. अनुराग घरीच होता, चैत्राली पाय वर करून पडली होती. जयवंतीबाई ओट्याशी उभ्या होत्या, हातात काही नसताना. खालून लक्ष्मीदेवींच्या रडण्याचा आवाज आला.

"असं कसं बोललात तुम्ही डॉक्टरला? मी माझ्या हातानं खायला घातलंय तिला. रोज."

"मला काय बरं वाटतं?" श्रीनिवासरावांचा आवाज कापरा होता. "पण त्यांनी विचारलं, मोठं आहे, अडलं तर काय करायचं. आई की मरी, दोघांतलं एकच वाचणार असेल तर? मी म्हटलं, मरी. आई गेली तर गेली. एवढं करून रक्त आणलंय मी, ते असं जाऊ द्यायचं?"

"अय्यो देवा! आणि कधी म्हणे?"

"आजच. दिवस मावळेपर्यंत."

जयवंतीबाई ओट्यापासून वळल्या. त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटावरची बॅग खाली ओढली.

"चैत्रा, ऊठ. आपण नाशिकला जातोय."

"आई!"

"बोलू नकोस. जावईबापू, गाडी काढा."

"आई, नवव्या महिन्यात कुणी प्रवासाला नेतं का?" अनुराग म्हणाला. "आणि झालं काय एवढं?"

"ते गाडीत सांगते."

"मी कुठंही येणार नाही," चैत्राली म्हणाली आणि कुशीवर वळली. तिचा स्वभाव आईवरच गेला होता. हे वळणं म्हणजे शेवटचं, हे जयवंतीबाई ओळखून होत्या.

त्या खोलीबाहेर आल्या. थोडा वेळ बॅगेवर बसून राहिल्या. मग उठल्या, पदर खोचला, स्वयंपाकघरातून लोखंडी सांडशी उचलली आणि जिना उतरल्या. लेक येत नसेल तर जे काय आहे त्याच्या समोर आपणच उभं राहायचं.  सांडशी मुठीत घट्ट होती.

अंगण ओलांडेपर्यंत वीज गेली. सगळी वस्ती एकदम विझली. पश्चिमेला ढगांखाली तांबूस पट्टा तेवढा उरला होता. शेडच्या दाराला आज कुलूप नव्हतं. फटीतून कंदिलाचा पिवळा उजेड येत होता आणि आत कुणीतरी कण्हत होतं. लांब, मनुष्यासारखं. मधेच थांबे, श्वास घेई, आणि पुन्हा.

त्यांनी सांडशीनं दार ढकललं.

पहिल्यांदा डोळे दिसले. काळोखात रांगेनं हिरवे डोळे, बाहुल्या आडव्या, आणि ते सगळे एकाच वेळी त्यांच्याकडं वळले. त्यांच्यामागं, कुंपणापलीकडं, गच्चीवरून पाहिलेली ती उंच पांढरी आकृती पुढचे पाय फळीवर टेकून उभी होती; छाती लालभडक. आणि मध्यभागी, गवतावर गुडघे टेकून, लाल हातांचे श्रीनिवासराव. शेजारी लक्ष्मीदेवी, हात जोडलेल्या. त्यांनी जयवंतीबाईंना पाहिलं, हातातली सांडशी पाहिली, आणि "मेले!" असं ओरडून त्या नवऱ्याच्या पाठीमागं गेल्या.

श्रीनिवासराव मात्र उठले. तीन ढांगांत जवळ आले आणि जयवंतीबाईंचा रिकामा हात मनगटाला धरून कंदिलापाशी नेला. बोटं उलगडून पाहिली.

"बारीक आहे," ते पुटपुटले. "लक्ष्मी, बघ. असाच हात पायजे होता."

जयवंतीबाईंनी हिसका दिला. पकड सुटली नाही.

"अक्का, बांगड्या काढा. वेळ नाही. डॉक्टर तिकडं दुसऱ्या गावात अडकलेत. हिचा हात संधिवातानं मिटत नाही, माझा पंजा हा असा. आत जातच नाही. डोकं आलंय, एक पाय मागं अडकलाय."

"कु... कुणाचा?"

"मरीचा!" श्रीनिवासराव ओरडले आणि बाजूला झाले.

गवतावर एक मेंढी पडली होती. बुटकी, गोल, तपकिरी तोंडाची, चौरंगाएवढी. पोट तंबोऱ्यासारखं. डोळे पांढरे करून ती कण्हत होती. तिच्या मागच्या बाजूनं, एखाद्या लहान पिशवीतून मोठं भांडं डोकावावं तसं, एक लांबोडकं ओलं तोंड बाहेर आलं होतं. जीभ निळसर पडली होती.

जयवंतीबाई बघतच राहिल्या. "ही... मरी?"

"मरी म्हणजे पिल्लू हो अक्का! कन्नडात. आणि काय?" श्रीनिवासराव जवळजवळ रडत होते. "ही बन्नूरची जात. अशीच बुटकी असते. तो पलीकडं उभा आहे तो माडग्याळ, सांगलीकडचा. मी हावऱ्यासारखा उंच नर आणला. पिल्लू जोरदार होणार, हे डोक्यात घेऊन बसलो. ह्या एवढ्याश्या आईनं ते बाहेर कुठून काढायचं, हे बघितलंच नाही. चुकलं माझं. पण आता हात घाला, पाया पडतो!"

जयवंतीबाईंच्या डोक्यात आठवडाभराचं सगळं एकदम उलटंपालटं झालं. मरी, रक्त, पुरलेली किडकी पोरं. पण विचार करायला वेळ नव्हता, कारण मेंढीनं मान टाकली होती. त्यांनी सांडशी फेकली. बांगड्या काढल्या. लक्ष्मीदेवींनी लांबूनच, हात जेवढा लांब होईल तेवढा करून, खोबरेल तेलाची वाटी सरकवली.

"डोकं आधी थोडं आत ढकला," श्रीनिवासराव म्हणाले. "हं. आता खालून बोटं न्या. गुडघा लागतोय?"

"काहीतरी लागतंय. गरम आहे सगळं. अगं आई गं."

"खूर तळहातात झाका आणि पुढं ओढा. नखानं फाटलं तर ती गेली."

"लागलं! आलं! आलं पुढं!"

"आता ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. खाली. सरळ नको, खाली, पायाकडं."

बाहेर अनुराग टॉर्च घेऊन सासूला शोधत आला होता. त्यानं दारातून आत पाहिलं, "आई, तुम्ही काय..." इतकंच म्हणाला आणि दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसला. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मेंढीनं अंग ताठ केलं. जयवंतीबाई ओढत होत्या आणि तिच्याशी बोलत होत्या, पुढं लेकीशी बोलायचं म्हणून नाशिकहून मनात जुळवून आणलेलं सगळं. "झालं गं बाई. थोडंच राहिलं. घे, श्वास घे. माझी शहाणी ती." मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि एवढं मोठं, पायच पाय असलेलं, ओलं पिल्लू त्यांच्या मांडीवर येऊन आदळलं.

ते हललं नाही.

श्रीनिवासरावांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला. गवताची काडी नाकात घातली. काही नाही. वाऱ्यानं पत्रा धडधडला. हिरवे डोळे स्तब्ध होते. जयवंतीबाईंनी काय करतोय हे न कळता पिल्लाचे मागचे पाय धरले, ते उलटं उचललं आणि त्याच्या बरगड्यांवर चांगल्या दोन चापट्या दिल्या.

पिल्लू शिंकलं. मग रडलं. ते रडणं इतकं माणसाच्या बाळासारखं होतं की शेडमधल्या सगळ्यांच्याच अंगावर काटा आला. आई वाचली होती. मान उचलून तिनं हुंकार दिला. आणि पिल्लू जे उठलं! त्याचे लांब पाय चार दिशांना गेले, पडलं, पुन्हा उठलं, आणि सरळ आचळाला जाऊन ढुशी मारू लागलं.

"बघितलंत?" श्रीनिवासरावांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "बन्नूरचं असतं तर अजून पडून राहिलं असतं. हा जोर! रक्ताचा जोर आहे हा! आता पुढच्या वेळी नर मधल्या उंचीचाच आणायचा, शपथ."

"आई," दारातून आवाज आला.

चैत्राली उभी होती. दाराच्या बाहेर, नीट दोन पावलं लांब. शेडच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, हे तिच्या लक्षात होतं. एका हातानं तिनं कंबर धरली होती, दुसऱ्या हातानं अनुरागची कॉलर.

"झालं असेल तुमचं, तर मला न्या. पाणी गेलंय माझं."

शहरातल्या गोकुलम भागातल्या प्रसूतिगृहापर्यंत अनुरागनं गाडी कशी नेली, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. प्रसूतिगृहाच्या दारातल्या पहारेकऱ्यानं कोपरापर्यंत रक्त माखलेल्या, केसांत गवत अडकलेल्या जयवंतीबाईंना पाहिलं आणि व्हीलचेअर त्यांच्यापुढं आणली. "मला नाही, तिला!" त्या ओरडल्या. तो मागं सरकला आणि त्यांना हात धुवायला पाठवल्याशिवाय कुणी आत सोडलं नाही.

मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला.

सकाळी लक्ष्मीदेवी कॉफीचा थर्मास घेऊन आल्या. खोलीच्या दाराशी त्या जरा घुटमळल्या. चैत्राली झोपली होती. जयवंतीबाई पाळण्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढं केली. लक्ष्मीदेवींनी दोन कप भरले.

"ते हात लाल असायचे त्यांचे," जयवंतीबाईंनी शेवटी विचारलं. "रोज संध्याकाळी."

"रंग तो. आमच्या घरचाच, वाडवडिलांचा. नराच्या छातीला लावतात. मग रात्री नर कुठल्या मेंढीला लागला ते सकाळी तिच्या पाठीवरच्या लालावरून कळतं. का?"

"काही नाही. सहज." त्यांनी पुन्हा थोडी कॉफी घेतली. "आणि तिला तिकडं येऊ देऊ नका म्हणायचे?"

"मेंढ्यांच्या बाळंतपणात कसलेकसले जंतू असतात म्हणे. पोटातल्याला वाईट. यांनी फार्मवर बघितलंय." लक्ष्मीदेवींनी कप खाली ठेवला. पदराशी चाळा केला. "अक्का, एक सांगू? रागावणार नाही न?"

"नाही."

"आम्हाला तुमची फार भीती वाटत होती."

"माझी?"

"पहाटे केस सोडून गच्चीवर उभ्या. आमच्या दाराकडं बघून मंत्र म्हणता. फाटकाला लिंबू. मी एवढ्या मायेनं मेंढीचं दूध देते, ते कुंडीत ओतता आणि झाड जळतं. मी यांना म्हटलं, ही बाई माट करते. करणी. आपल्या मरीवर हिचा डोळा आहे. आठ दिवस उंबऱ्यावर मीठ टाकून झोपलो आम्ही. यांना तर ताप आला. काल तुम्ही सांडशी घेऊन दारात उभ्या राहिल्या न..." त्यांनी डोळे मिटले. "मला वाटलं, संपलं सगळं."

जयवंतीबाईंनी तोंड उघडलं. आपल्याला काय वाटलं होतं ते सांगावं, असं ओठांवर आलं. मग त्यांनी कॉफीचा मोठा घोट घेतला.

"मुंग्यांसाठी होती ती राख," त्या म्हणाल्या.

"असेल की," लक्ष्मीदेवी समजूतदारपणे म्हणाल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची एक पुडी काढली, हलकेच उलगडली. आत काळा दोरा होता, सात गाठींचा. "लेंडीखत न्यायला बेट्टदपुराकडून गाडी येते न, त्यांना सांगून तिकडच्या एका म्हातारीकडून आणवला होता. फार कडक आहे म्हणतात. मरीच्या गळ्यात बांधणार होते. आता बाळ झालंय, तर म्हटलं, हिलाच बांधावा. चालेल?"

"बांधा की." जयवंतीबाईंना भरून आलं. "नजर लागायला नको तिला कुणाची."

लक्ष्मीदेवींनी दोरा बाळाच्या इवल्याशा मनगटाला बांधला. गाठ मारली. मग त्यांचा हात तिथंच थांबला.

"काय झालं?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे..." लक्ष्मीदेवी चाचरल्या. "सगळ्यांच्या नजरेसाठी नाही न तो. कुणापासून जपायचं, ते नाव विचारून तिनं बांधून दिलाय. मी तुमचं सांगितलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याच्या अंगावर असेल त्याच्याजवळ तुम्हाला येता येणार नाही, असं म्हणाली ती."

दोघी पाळण्याकडं बघत राहिल्या. बाळ शांत होतं. 

"हे असलं काही खरं नसतं," जयवंतीबाई म्हणाल्या.

"नसतंच," लक्ष्मीदेवी म्हणाल्या. "घ्या तुम्ही तिला."

जयवंतीबाई उठल्या. साडीला हात पुसले. नातीला घ्यायला त्यांनी दोन्ही हात पाळण्याकडं नेले.

बाळानं डोळे उघडले, सरळ त्यांच्याकडं पाहिलं, आणि टाहो फोडला.

जयवंतीबाईंचे हात हवेतच राहिले.